चौथा वाफा

१८ जून १९४४, रविवार

केसांत चिखल, कानांत चिखल, आणि स्वारी म्हणते, "तिसऱ्या ओळीतली दोन रोपं रेषेबाहेर आहेत." दोरी लावली, पट्टी धरली, ऐंशी खड्डे मोजून घेतले! दोन रोपं रेषेबाहेर गेली तर टमाटे रुसणार आहेत का? असं मनात म्हटलं. तोंडानं म्हटलं, "हो, नीट करते."

शेतकी कामदाराशी लग्न म्हणजे काय, ते दोन वर्षांत पुरतं कळलं. हे पाऊस मोजतात, पानं मोजतात, पोती तोलतात. परवा गोगलगायी मोजल्या. मी नवी चोळी शिवली ती मात्र अजून दिसायची आहे.

प्रयोग असा आहे. पुण्याच्या शेतकी साहेबांचं पत्र आलंय— टमाटे केव्हा लावले आणि काय घातलं तर जास्त येतात, ते पाहा. भिंगारच्या पलटणीला रोज गाडीभर लागतात म्हणे. म्हणून तीन लागणी : एक आता मृगात, एक सप्टेंबरात, एक नोव्हेंबरात. प्रत्येक लागणीत चार वाफे, वाफ्यात वीस रोपं. पहिल्याला शेणखत. दुसऱ्याला शेणखत आणि भुईमुगाची पेंड. तिसऱ्याला सल्फेट, साखरेसारखं पांढरंशुभ्र, विलायती. चौथ्याला काही नाही. पाटीवरही तसंच लिहिलंय : "खत नाही."

मामांच्या घरी टमाटा उंबऱ्याच्या आत येत नसे. मांसासारखा रंग पाहिला तरी मामी तोंड फिरवायची. आता तिची भाची ढोपरभर चिखलात टमाटे लावते आहे. मामीला पत्रात लिहावं का? नको, बिचारीला चक्कर यायची.

२५ जून, रविवार

वाफ्यांची जागा बनुबाईंची. आमच्या दोन खोल्याही त्यांच्याच, रानाला लागून. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. पाटाखालचं एवढंच रान. त्यांचे दीर काकासाहेब, पलीकडे त्यांचा ऊस. दर चार दिवसांनी बांधावर येतात आणि इकडच्या मातीकडे जावयाच्या नजरेनं बघतात.

बनुबाईंनी प्रयोगाला जागा का दिली ते आज कळलं. "वैनी, दिरानं दोन साल दिलीत. यंदाचं अन् पुढचं. त्येवढ्यात माझ्या हातनं रान पिकलं न्हाई, तर त्येच्या उसात घालायचं. मंग मी भाकरीपुरती त्येच्या दारात." यंदा त्यांनीही वीस गुंठे टमाटे लावलेत, आमच्याबरोबरच मृगात.

चार वाफे बघून त्या यांना म्हणाल्या, "सायेब, एका पंगतीला बसवायचं, तिघांला वाढायचं अन् चौथ्याचं पान कोरडं? पाप लागंल."

हे म्हणाले, "झाडाला पाप लागत नाही बनुबाई. नत्र लागतं."

विनोद केला की काय, म्हणून मी चेहरा पाहिला. नाही. माहिती दिली होती.

९ जुलै, रविवार

तिसरा वाफा जोरात. सल्फेटवाला. गुडघ्याएवढा झालाय, काळाभोर. स्वारी त्याच्याकडे लेकाकडे बघावं तशी बघते. चौथा पिवळा.

२० ऑगस्ट, रविवार

गेलं. सगळं गेलं! आठ दिवस झड लागली आहे. फळं खालून सडतात, पानं चुरमडतात. तिसऱ्या वाफ्यात नुसता पाला, उचकून बघितलं तर फळं मोजून सात. लाडावलेलं कार्टं! चौथ्यात तर रोपंच नऊ उरली.

बनुबाईंचे वीस गुंठेही गेले. त्या बांधावर बसून सडके टमाटे म्हशीला घालत होत्या. म्हैससुद्धा खाईना. काकासाहेब आले, "वैनी, एक साल झालं बरं का," एवढंच म्हणाले आणि गेले.

मला फार वाईट वाटलं. हेही दोनदा बांधापर्यंत गेले आणि परत आले. नंतर वहीत काहीतरी लिहीत बसले. ती वही ट्रंकेत असते, कुलपात. साहेबांची वही म्हणजे काय सोन्याची!

२ सप्टेंबर, शनिवार

दुसऱ्या लागणीची तारीख सात. साहेबांच्या कागदात छापलेली. आणि उद्यापासून पितृपक्ष! गावातलं एक माणूस हात लावायला तयार नाही. हे म्हणतात, टमाट्याला पितर नसतात. हे गावाला कोण सांगणार?

तोड बनुबाईंनी काढली. आज पौर्णिमा, तर आजच एक रोप लावून टाकलं. एकच. हळदकुंकू वाहिलं, तांब्याभर पाणी घातलं. "झाला आरंभ. आता सुरू केलेलं काम हाय, नवं न्हाई. पितरं काय बी म्हनायची न्हाईत."

यांनी ते रोप वहीत वेगळं नोंदवलं. "मुहूर्ताचे, १." हसू आवरेना.

७ सप्टेंबर, गुरुवार

लागण झाली. बारा रोपं उरली ती कुंपणाकडे खोचली. गुरुवारचा उपास आणि ऐंशी रोपं! कंबर उरली नाही. मामीनं लावून दिलेला उपास, नवऱ्याच्या आयुष्यासाठी. नवऱ्याला विचारलं, "आज माझा उपास आहे, ठाऊक आहे का?" तर म्हणाले, "ओल चांगली आहे."

२८ सप्टेंबर, गुरुवार

लिहू की नको? वही माझी आहे. लिहिते.

आज सकाळी हे सायकलवर, पाटाच्या पुलावरून पलीकडच्या गावी गेले. गुरुवारी जातातच. मी वाफ्यांकडे गेले. पहिले तीन टवटवीत. चौथा पुन्हा तसाच, पिवळा, मान खाली. समोर पाटी, "खत नाही."

मला मामांच्या घरची पंगत आठवली. आम्ही सहा मुलं ओळीनं. मामी तुपाची वाटी घेऊन निघायची. पाच पानांवर धार पडायची आणि माझ्यापाशी यायच्या आत वाटी वळायची. "तुला तूप सोसत नाही गं." सोसत होतं! मला चांगलं सोसत होतं. मी कधी बोलले नाही. पानाकडे बघून भात कालवायचे.

घरी आले. ओसरीवर पेंडीचं पोतं आहे, दुसऱ्या वाफ्याचं. काल संध्याकाळीच चार मुठी भिजत घातल्या होत्या— म्हणजे आज अचानक सुचलं असं नाही, खोटं कशाला लिहू! मोठी बादली भरून नेली आणि वीसच्या वीस रोपांना तांब्या तांब्या घातलं.

सरकारी प्रयोगात ढवळाढवळ केली. पाप कुणाला लागेल ते लागो. आज मला उपास असून पोट भरल्यासारखं वाटलं.

५ ऑक्टोबर, गुरुवार

पुन्हा घातलं.

८ ऑक्टोबर, रविवार

स्वारीनं पोतं तोललं! काट्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "पेंडीला उंदीर लागलेत वाटतं."

मी म्हटलं, "हो, फार झालेत."

"मोठे असावेत," म्हणाले. आणि वहीत लिहिलं. काय लिहिलं असेल? उंदीर, १?

१२ ऑक्टोबर, गुरुवार

चौथा हिरवा होतोय! बादली मात्र फार जड. भरलेली न्यायची म्हणजे हात खांद्यातून निघतो. वाटेत टेकवावी लागते. आज अंगठ्यावरच टेकवली. अंगठा काळानिळा. यांना सांगितलं, पाट लागला. "बरं," म्हणाले. कुठला पाट, कसा लागला, काही नाही!

१८ ऑक्टोबर, बुधवार — पाडवा

लिहायचं नव्हतं, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

ओवाळलं. निरांजन, सुपारी, सगळं यथासांग. पाडव्याची ओवाळणी म्हणून शेजारणी-पाजारणींना कुणाला लुगडं, कुणाला निदान चोळीचा खण. माझ्या स्वारीनं मागे हात घालून काय काढावं? बादली! पत्र्याची. आणि तीही लहान!

"युद्धामुळे पत्रा मिळत नाही," असं वर सांगितलं. "तीन दुकानं हिंडलो संगमनेरात." जणू हिऱ्याची अंगठी!

बनुबाई ओसरीवर होत्या. पदर तोंडात कोंबून हसत होत्या. "कामदारीणबाई, आता बादली घालून मिरवा गळ्यात!"

मीही हसले. मग आत जाऊन थोडी रडले. बाकी बादली हलकी आहे. गुरुवारी उपयोगी पडेल.

१५ नोव्हेंबर, बुधवार

तिसरी लागण झाली. थंडी पडलीय, रोपं आखडून बसलीत. दुसऱ्या लागणीत मात्र पहिली फळं रंगली. चौथ्या वाफ्यातलं एक तोडून, इकडे तिकडे बघून, तिथंच खाल्लं. मीठ न लावता. आंबटगोड, रस हनुवटीवर. मामे, काय सोडलंस गं जन्मभर!

२१ जानेवारी १९४५, रविवार

दुसऱ्या लागणीचा शेवटचा तोडा तोलला. हे काटा धरून, मी चिठ्ठीवर लिहून. सगळे तोडे मिळून पहिला वाफा एकसष्ट पौंड. दुसरा चौऱ्याऐंशी. तिसरा अठ्ठावन, म्हणजे सल्फेटनं पुन्हा पालाच वाढवला. चौथा— ब्याण्णव!

मी चिठ्ठीवर ब्याण्णव लिहिलं आणि पेन्सिलीचं टोक मोडलं.

हे चौथ्या वाफ्याच्या पाटीकडे बराच वेळ बघत होते. "खत नाही." मग म्हणाले, "चौथा वाफा मजेशीर आहे." आणि हसले! दोन वर्षं आठ महिन्यांत असं हसलेले मी पाहिले नव्हते. साहेबांनी अहवाल मागवलाय, चांगला झाला तर शेतकीच्या मासिकात छापणार. यांचा पहिलाच.

आता सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण ते हसत होते.

१८ मार्च, रविवार

तिसरी लागण आटोपली. चारी वाफे निम्म्यावर. माझा चौथासुद्धा, गुरुवार एक न चुकवता! फुलं थंडीत गळाली, उरलेल्या फळांना उन्हानं तडे. भूक मेल्यावर पान वाढून काय उपयोग? मृगात पावसानं मारलं, कार्तिकात थंडीनं. सप्टेंबरची वेळच खरी. एवढं तरी माझ्या लबाडीशिवाय सिद्ध झालं.

अजून सांगितलं नाही. रोज ठरवते. हे रोज अहवाल खोडतात, परत लिहितात. "कसा झालाय?" विचारलं तर म्हणतात, "चौथ्या वाफ्याचं नीट मांडायला हवं." मग मी भांडी घासायला उठते.

९ मे, बुधवार

हे आज पुण्याला गेले. पंधरा दिवसांचं शिबिर, आणि अहवाल हातोहात साहेबांना देणार. विलायतेतलं युद्ध संपलं म्हणून गावात गूळ वाटला. मी गेलेल्या अहवालाचा विचार करत गूळ खाल्ला.

१४ मे, सोमवार — अक्षय्य तृतीया

बनुबाई पुरणाची पोळी घेऊन आल्या. जाताना सहज विचारलं, "वैनी, त्या चौथ्या वाफ्याला सायबांनी काय घातलं हुतं वो? ज्येला लई लागली हुती?"

मी म्हटलं, "काही नाही."

पाटीवर तेच आहे. वहीत तेच असणार. तोंडातून तेच निघालं. त्या म्हणाल्या, "आगं बया!" आणि गालातल्या गालात हसत गेल्या. का हसल्या?

१६ मे, बुधवार

का हसल्या ते कळलं.

सकाळी गाड्यांचा आवाज. बघते तो काकासाहेबांच्या दोन गाड्या बनुबाईंच्या उकिरड्याला लागलेल्या. दोन वर्षांचं कुजलेलं, काळं खत. गडी भरतायत, काकासाहेब बैलांपाशी, आणि बनुबाई निवांत उभ्या! मी पळत गेले, अनवाणी.

"बनुबाई, हे काय?"

"दिराच्या उसाला देतीया. बदल्यात त्येची बैलं माझं रान नांगरून देनार. मला खत कशाला? तुमीच म्हनला न्हवं, चौथ्याला काय बी न्हवतं घातलं, तरी त्यो पयला आला. औंदा तसंच लावते, उत्तरा नक्षत्राच्या आधी. बिनखताचं."

एक गाडी भरून झाली होती. बैल जुंपत होते. माझ्या डोळ्यांपुढे बनुबाईंचे वीस गुंठे उभे राहिले, सगळे चौथ्या वाफ्यासारखे, पिवळे, मान खाली. आणि बांधावर काकासाहेब, "वैनी, दोन सालं झाली बरं का."

मी गाडीपुढे जाऊन उभी राहिले. "थांबा! चौथ्याला मी खत घातलंय. पेंडीचं पाणी. दर गुरुवारी. चोरून. पाटी खोटी आहे, मी खोटी आहे, खत उतरवा!"

काकासाहेबांना हसू लोटलं. "आरं तिच्या! सायेब लोकांला शानपन शिकिवतो अन् सायबाची बाई सरकारच्या वाफ्यात चोरून खत घालती! समद्या तालुक्याला सांगतो!"

बनुबाई हसल्या नाहीत. माझ्याकडे बघत होत्या. "का घातलं वैनी?"

"पंगतीत बसवलं होतं ना त्याला," मी म्हटलं.

त्यांनी माझा हात धरला. मग दिराकडे वळल्या. "भावजी, हसून झालं आसंल तर गाडी माझ्या रानात रिती करा. बैलाची सोय मी बघंन." आणि गड्याला, "बघतो काय? उतरव!"

गाडी रिती झाली. काकासाहेब मात्र हसतच गेले. यांच्या कानावर जाण्याआधी मलाच सांगायला हवं. पण अहवाल तर साहेबांच्या टेबलावर जाऊन पडला असेल. यांचा पहिलाच.

१९ मे, शनिवार

झोप नाही. परत पाठवतील का मला? मामांकडे? मामी दारातच म्हणेल, "तुला संसारही सोसला नाही गं."

नाही पाठवणार. पण पुन्हा कधी असे हसणार नाहीत.

२३ मे, बुधवार

स्वारी आली. पाय धुतले, चहा घेतला. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. पेंड, गुरुवार, काकासाहेब, गाडी, सगळं. मामांच्या घरच्या तुपाचंसुद्धा. ते आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. शेवटी म्हटलं, "तुमचा अहवाल मी बुडवला."

कप खाली ठेवला.

मग म्हणाले, "बादली कोणती? मोठी की लहान?"

ऐका! बायको रडते आहे आणि यांना बादली मोजायची आहे! मी म्हटलं, "आधी मोठी. मग पाडव्याची."

"हं. पाडव्याचीच बरी," म्हणाले. पानावर बसले तेव्हा मात्र तुपाची वाटी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "बनुबाईंना सांग, दिलेलं खत परत घेतलं ते शहाणपणाचं. त्यावर पेंडीचं पाणी, आठवड्यातून एकदा." बास. जेवून झोपले.

दगडाला पाझर फुटेल, या माणसाला नाही!

२४ मे, गुरुवार

हे सकाळी सायकलवर गेले. माझ्या पाटावर ट्रंकेची किल्ली. वर वही, उघडी करून ठेवलेली. गेल्या साली लिहिलेलं पान, यांच्या मुंगीएवढ्या अक्षरात :

"८ ऑक्टोबर. पोत्यात पेंड कमी. उंदीर नव्हे. सौ. चौथ्या वाफ्यास पाणी करून घालते, दर गुरुवारी. पाटाच्या पुलावरून दिसते. उत्तम पद्धत, चालू द्यावी व अहवालात तिच्या नावे मांडावी. तिला कळू देऊ नये, ओशाळून थांबेल. कुंपणाकडील बारा रोपे यापुढे बिनखताची धरावी.

१२ ऑक्टोबर. पुलावर थांबलो. बादली तिला जड होते. वाटेत दोनदा टेकवली. अंगठा दुखावला. तिचा उपास असतो. पाडव्याच्या आत लहान बादली मिळवणे, कुठूनही."